दाजींचा बेचाळिसावा नियम

परभणी जिल्ह्यात आमच्या दाजींइतका न बसलेला माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. माणूस म्हटला की तो घटकाभर कुठेतरी बूड टेकतोच. ओट्यावर, पारावर, निदान उभ्या केलेल्या मोटारसायकलवर. दाजी टेकत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, दाढीसुद्धा अंगणात येरझारा घालत. जेवायला बसत, पण तेही एक गुडघा वर आणि चपला हाताच्या अंतरावर ठेवून, जणू वरण-भाताच्या मध्येच कुणीतरी हाक मारणार आहे. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांच्या लग्नात मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव पाटावरून खाली उतरला आणि अंतरपाट धरलेल्या दोघांना म्हणाला, "डावीकडून दोन बोटं वर घ्या, कलायलाय." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अक्का अजून सांगते, "तव्हाच मला कळलं, ह्यो माणूस काही मला निवांत बसू देत न्हाई."

नोकरी रेल्वेत. चुडाव्यापासून सेलूपर्यंत जेवढी लहानसहान स्टेशनं आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या फलाटावर दाजी कधी ना कधी उभे राहिलेले आहेत. निवृत्त झाल्यावर ते स्वतःच्या गावी गेले नाहीत, आमच्या गावी येऊन राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "आमच्या गावावरून गाडी दिसत न्हाई." आमच्या गावावरूनही ती लांब, हरभऱ्याच्या रानापलीकडे, काडेपेटीएवढी दिसते. पण तेवढी त्यांना पुरे. गाडी दिसली की ते हातातलं घड्याळ बघत आणि कुणीही विचारलेलं नसताना "सतरा मिनिटं लेट" असं सांगत. घरात कुणी नसलं तर म्हशीला सांगत. बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो. मग गल्ली म्हणू लागली, मग गाव. गावचा जावईच तो. त्यांची इथे भावकी नाही, कुणाशी बांधाचं भांडण नाही, आणि जावयाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. या तीन गोष्टींमुळे पुढचं सगळं घडलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या गावाला सार्वजनिक सभागृह मिळालं. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे. गाव त्याला हॉल म्हणतं. पहिलं वर्षभर त्या हॉलची जी दशा झाली ती सांगण्यासारखी नाही. ज्याच्या हाताला किल्ली लागेल त्याचा हॉल. एकाने सोयाबीनची पोती रचली, एकाच्या पाहुण्यांनी स्टेजवर संसार मांडला, आणि एका वरातीच्या दिवशी आत लग्न, बाहेर दुसरंच लग्न, अशी दोन वऱ्हाडं किल्लीसाठी समोरासमोर उभी राहिली. मग समिती झाली. मी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून मला अध्यक्ष केलं. वापराचे नियम आणि भाडं ठरवायला बैठक बोलावली. माणसांच्या संख्येवर भाडं घ्यावं असं मी सुचवलं. त्यावर सगळे हसले, कारण आमच्याकडे "पन्नासच माणसं हायत" म्हणून पत्रिका वाटतात आणि पाचशे पत्रावळ्या उचलाव्या लागतात. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "भाड्याचं मागून बघू. हॉल कुणाला द्यायचा, कुणाला न्हाई, ते ठरवा आधी." तो काय म्हणतो आहे हे सगळ्यांना कळलं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मीही सतरंजीकडे बघत होतो, हे लिहून ठेवतो. दाजी दाराशी उभेच होते. ते म्हणाले, "चुली किती मांडणार, एवढंच इचारा. माणसं लपवता येत्यात, चूल लपत न्हाई. जेवढ्या चुली तेवढं भाडं. चूल कुणाची हाय ते मला नगं." जावयाला कोण नाही म्हणणार! ठराव मंजूर झाला आणि दाजी चिटणीस झाले.

त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात शिंप्याची टेप आली. कार्य असलं की सकाळपासून ते हॉलच्या मागच्या अंगणात फिरत, दगड मोजत, चुलीचं तोंड टेपेने मापत. ठरल्याहून चार बोटं मोठं निघालं तर ती दीड चूल. लोकही काही कमी नव्हते. एका बहाद्दराने दोन चुली हॉलच्या अंगणात मांडल्या आणि तिसरी शेजारच्या गोठ्यात. पंगत बसली, वरण वाढायला आलं, दाजींनी उभ्याउभ्याच पातेल्यात वाटी बुडवून घोटभर वरण घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्याला कडब्याच्या धुराचा वास हाय. हॉलच्या अंगणात कडबा न्हाई." सगळी पंगत वाटी नाकाला लावून वास घेऊ लागली. यजमानाने हात जोडले. गॅसच्या शेगड्या आल्या तेव्हा लोकांना वाटलं, आता धूर नाही, दाजी हरले. दाजी भिंतीला कान लावून उभे राहू लागले. शेगडीच्या सुसकाऱ्यावरून ते आकडा सांगत आणि बरोबर सांगत.

नियम सुरुवातीला अकरा होते. दरेक कार्यातून एक-दोन नवे निघत. खुर्च्या एकावर एक दहाच रचाव्या. आहेर माइकवरून पुकारू नये. नवरदेवाच्या मित्रांनी पंख्याला फेटे बांधू नयेत. हा नियम का करावा लागला ते पंख्याला विचारावं. असे एक्केचाळीस झाले. दाजींनी पेंटर बोलावून ते भिंतीवर लिहून घेतले. सदतिसाव्याला भिंत संपली. पेंटर म्हणाला, "दाजी, चार नियम कमी करा." दाजी म्हणाले, "भिंत कमी पडली म्हणून नियम कमी करता का?" आणि उरलेले चार संडासाच्या दारावर लिहून घेतले. त्यामुळे आमच्या गावात ते चारच नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

पण त्या एक्केचाळीसमध्ये असेही काही होते की पेंटरने लिहिताना मान वर करून दाजींकडे पाहिलं होतं. दुःखाच्या कार्याला भाडं नाही, फक्त झाडून द्यावं. आणि रडण्याला वेळेची मर्यादा नाही. सोयरिकीच्या बैठकीला दोन तास हॉल मिळेल. जमली तर भाडं, मोडली तर चहा चिटणिसाकडून. या शेवटच्या नियमाचा फायदा घ्यायला दोन्हीकडच्या मंडळींनी एकदा संगनमत केलं. बैठक जमली होती, पण बाहेर येऊन सगळ्यांनी चेहरे पाडले. दाजींनी चहा सांगितला. नुसता चहा नाही, मुलीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अंगणात तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि समजावलं, "लेक सोन्यावानी हाय तुमची. असल्या नादान लोकांत गेली न्हाई, बरंच झालं की!" नादान लोक दोन हातांच्या अंतरावर उभे राहून चहा पीत होते. त्यांना धड हसता येईना, धड रागावता येईना. महिन्याने त्याच लग्नाची पत्रिका घेऊन तो बाप आला, तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, "बैठकीचं भाडं अन् सात चहा." मग जरा थांबून, "साहा लिहितो. तुमचा चहा मी खऱ्या मनानं पाजला होता."

आणि मुहूर्त. मुहूर्त टळून अर्धा तास झाला की हॉलचे पंखे बंद, हा नियम तेवीस. वैशाखात, बाहेर वरात नाचते आहे, आत पाचशे माणसं हातात अक्षता घेऊन घामाने निथळताहेत, आणि दाजी बटणांच्या फळ्याशी घड्याळ बघत उभे. पहिल्या लग्नात बायकांनी त्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या लग्नात त्याच बायका उठल्या आणि नाचणाऱ्यांना कानाला धरून आत घेऊन आल्या. आसपासच्या गावांत लग्नं तासतासभर उशिरा लागत. आमच्याकडे भटजी धावत येत.

आता वहीकडे आलं पाहिजे. मघापासून मी तिच्याभोवती फिरतो आहे.

तारखांची वही दाजींनी स्वतः आखली होती. एका पानावर एक कार्य. जो येईल त्याचं नाव आधी पेन्सिलीने लिहायचं. मग आठ दिवसांत त्याने पुन्हा यायचं, चुलींचा आकडा सांगायचा आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचं बोट लावायचं. दाजींच्या टेबलावर ओल्या हळदीची वाटी असे. बोट लागलं की तारीख पक्की. आठ दिवसांत लागलं नाही तर नाव रद्द, मग जो पहिला मागेल त्याची. मी म्हणालो, "दाजी, सही घ्या की." ते म्हणाले, "सगळ्यांना कुठं येती? अन् शाई खोडता येती, मास्तर. हळद खोडून दाखव." गावाला ही पद्धत फार आवडली. आपल्या कार्याची हळद पहिल्यांदा वहीला लागते, असं बायका म्हणायच्या. वहीसाठीसुद्धा नियम होता: वही कधी एकटी राहता कामा नये. दाजी वर्षातून एकदा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जात, दोन दिवस तिकडेच राहत. तेवढे दोन दिवस वही अध्यक्षाच्या घरी. म्हणजे माझ्या.

इथवर लिहायला सोपं होतं. याच्यापुढे लिहिताना मी तीनदा उठलो, एकदा उगाच माठात पाणी आहे का बघून आलो, एकदा दारापर्यंत जाऊन परतलो. वय शहात्तर आहे. किती वेळा उठायचं त्यालाही मर्यादा आहे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मुलाचा साखरपुडा ठरला. मुलीकडचे सेलूचे, कापसाच्या व्यापारातले, मोठे लोक. त्यांना एकच तारीख जमत होती. मी वही उघडली तर त्या पानावर नाव होतं गयाबाईचं. गयाबाई आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली, रोजाने शेतात जाणारी, नवरा लवकर गेलेला. एकुलत्या एका लेकीचं लग्न. पेन्सिलीने नाव, चुली दोन, आणि डाव्या कोपऱ्यात हळदीचं बोट. दाजींनी तिला म्हणे विचारलं होतं, "तुमच्यात हळद चालती ना?" आणि ती म्हणाली होती, "लेकीचं लगीन हाय दाजी, हळदीला कोण न्हाई म्हणतंय!"

मी दाजींकडे गेलो. म्हणालो, तिला दुसरी तारीख द्या, मी समजावतो. ते येरझारा घालत होते, ते थांबलेसुद्धा नाहीत. "अध्यक्षाला निराळी वही न्हाई मास्तर." मी म्हणालो, "दाजी, घरचं कार्य आहे. तुमच्या भाच्याचं आहे." ते म्हणाले, "म्हणून तर चूल स्वतः मांडून देतो. पण दुसऱ्या तारखेला." मला राग आला. रागाहून वाईट म्हणजे मला लाज वाटली. सेलूच्या लोकांसमोर 'अध्यक्ष असून यांना गावचा हॉल मिळत नाही' असं होईल, याची. दोन दिवसांनी दाजी पोखर्णीला निघाले. जाताना वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला एकटी सोडू नको."

माझ्या घरात हळदीच्या डागाची एक युक्ती सगळ्या बायकांना ठाऊक आहे. डाग साबणाने घासला तर लाल होतो. पण ओलं पातळ चैत्राच्या कडक उन्हात टाकलं की डाग आपसूक उडतो. मी लहानपणापासून ऐकत आलो. दाजींना हे ठाऊक नव्हतं. एवढं जग मापलेला माणूस, पण धुणं कधी वाळत घातलं नव्हतं. मी वही वर माळवदावर उन्हात नेली, ते पान उघडलं, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. दोन दुपारी. मधूनमधून कोपऱ्यावर ओलं बोट फिरवत होतो. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिथे कोरा कागद होता. पेन्सिलीचं नाव तसंच. मी वहीला एकटं सोडलं नव्हतं, एवढं खरं. शेजारी बसून होतो.

पुढच्या आठवड्यात गयाबाई पत्रिका घेऊन आली. दाजींनी पान उघडलं, आणि मी तिथे होतो म्हणून सांगतो, त्यांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. पाठीमागून बघितलं. मागचं-पुढचं पान बघितलं. तिथली बोटं पिवळीजर्द होती. गयाबाई म्हणाली, "मी बोट लावलं की व्हो दाजी. तुमच्याच वाटीत बुडवलं. तुमी म्हणालात, दाबून लावा." दाजी म्हणाले, "मलाबी तसंच आठवतंय बाई. पण हितं न्हाई." त्यांनी समितीची बैठक बोलावली. कुणी म्हणालं, बाई खोटं बोलायलीय. कुणी म्हणालं, दाजींचं वय झालं, राहिलं असंल लावून घ्यायचं. बाईचं का खोटं वाटलं आणि दाजींचं का नुसतं वय झालं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मी अध्यक्षाच्या खुर्चीवर होतो. मी म्हणालो, "नियम तो नियम." दाजींनी स्वतःच्या हाताने ते नाव काट मारून रद्द केलं आणि ती तारीख त्यानंतर पहिली मी मागितली होती म्हणून तिच्यावर माझं लिहिलं. वाटी पुढे केली. मी बोट बुडवलं.

त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या मुलाचा साखरपुडा झाला आणि समोरच्या मोकळ्या मैदानात, फाटक्या मांडवात, गयाबाईच्या लेकीचं लग्न. दुपारी वावटळ उठली. हॉलच्या खिडकीतून मी पाहिलं: मांडवाचं कापड पतंगासारखं वर गेलेलं, लोक ताटांवर हात धरून बसलेले, आणि मांडवाच्या कोपऱ्याचा बांबू दोन्ही हातांनी मिठी मारून धरलेले आमचे दाजी. भाच्याच्या साखरपुड्याला ते आलेच नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दोन तास तो बांबू धरून उभा होता. मी खिडकी लावून घेतली. पाहुण्यांच्या ताटात धूळ येत होती.

चार दिवसांनी दाजी वही आणि किल्ली घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, मला आता आठवंना झालंय. न झालेलं झाल्यावानी दिसायलंय. असल्या माणसाच्या हातात वही नगं." मी म्हणालो, "होतं असं वयानुसार." हे माझं वाक्य आहे. मी ते बोललो.

आणि दाजी बसले. घरी गेले, ओसरीतल्या खुर्चीत बसले आणि चार वर्षं बसून राहिले. गाडी दिसायची; ते घड्याळ बघायचे नाहीत. त्यांनी घरभर चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. शेगडीजवळ 'शेगडी बंद केली का, पहावे'. दाराला 'कडी'. चपलांच्या वर भिंतीला 'चपला येथेच आहेत'. अक्का म्हणायची, "बाबा, ह्यांनी माझ्यावर एकबी नियम केला न्हाई कधी, अन् आता स्वतःवर करायलेत. मला बघवत न्हाई." तिने त्यांना परभणीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पन्नास प्रश्न विचारले. दाजींनी पन्नासची उत्तरं दिली आणि डॉक्टरच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे." दाजी बाहेर येऊन अक्काला म्हणाले, "त्याला हळदीचं ठाऊक न्हाई." त्यांनी पोखर्णीला एकटं जाणं बंद केलं. मग बाजाराला. मग गल्लीच्या तोंडापर्यंत.

या सगळ्या काळात मी दर रविवारी त्यांच्याकडे जात होतो. केळी नेत होतो. लोक म्हणत, मेव्हणा असावा तर असा.

गेल्या महिन्यात दाजींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मांडीवर पांढरा पुठ्ठा होता, पट्टी आणि दोरी होती. म्हणाले, "मास्तर, तुझं अक्षर चांगलं हाय. ह्याच्यावर लिहून दे. मपलं नाव, गाव. गळ्यात घालतो. घरातून निघून गेलो अन् माघारी यायचं आठवलं न्हाई तर लोकांला कळंल." मी पेन हातात घेतला. नाव लिहिलं. गाव लिहिलं. ते म्हणाले, "खाली लिही, कुणाला कळवायचं. तुझं नाव टाक. अक्काला फोनवर ऐकू येत न्हाई. तुझ्यावानी पक्का माणूस दुसरा कोण हाय मला?"

पेन पुढे जाईना. मी म्हणालो, "दाजी, वही मी उन्हात ठेवली होती."

"कोणती वही?"

"तारखांची. तुम्ही पोखर्णीला गेला होता तेव्हा. उन्हात हळद उडते दाजी. गयाबाईने बोट लावलं होतं. मी उडवलं."

मी मान खाली घातली होती. ओरडतील, उठून मारतील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. दाजींनी विचारलं, "किती वेळ?"

"दोन दुपारी."

"झाकण काही?"

"न्हाई. कोपऱ्यांला खडे."

"पेन्सिल गेली न्हाई?"

"न्हाई."

मग अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "तिच्या बोटाला खुरप्याची चीर होती. ठसा मधून दुभंगलेला उमटला होता. मी म्हणालो, बाई, दाबून लावा. ती म्हणाली, दुखतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला आठवत होतं, मास्तर. चार वर्षं मला सगळं आठवत होतं. अन् मी रोज स्वतःला म्हणायचो, खोटं आठवायलंय."

मग त्यांनी तो पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, त्याचे नीट चार तुकडे केले, आणि उठले. चपला चिठ्ठीखालीच होत्या. अक्का आतून ओरडली, "कुठं निघालात?" दाजी अंगणात पोचले होते. मी मागून. चार वर्षं न चाललेला माणूस, ब्याऐंशी वर्षांचा, आणि मला त्याला गाठता येईना.

गयाबाई अंगणात तुरी पाखडत होती. दाजी कुंपणाशीच थांबून म्हणाले, "बाई, तुमी बोट लावलं होतं." ती म्हणाली, "मग! मी काय सांगत होते?" दाजी बाजूला सरकले, म्हणजे मी समोर आलो. मी सांगितलं. सुपातल्या तुरी तशाच राहिल्या. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "गुरुजी, माझ्या लेकीला दोन लेकरं झाली, सुखात हाय. पण तिच्या सासरचे अजून म्हणत्यात, तुझ्या आईनं हॉल घेतला म्हणून खोटं सांगितलं अन् आमाला मातीत जेवू घातलं. मला सांगून काय करता? लोकांला सांगा. तुमाला लिवता येतंय ना?"

म्हणून हे लिहिलं आहे. समितीला वेगळं पत्र दिलं, अध्यक्षपद त्याच दिवशी सोडलं. ग्रामसभेत उभं राहून हेच वाचून दाखवणार आहे. माझ्या मुलाला आणि सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कुणी बोलू नये. गयाबाईच्या लेकीच्या सासरी जाऊन मी स्वतः सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. योग्यच केलं.

दाजींनी मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. ते त्यावर बोलत नाहीत. घरातल्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या; वही पुन्हा त्यांच्याकडे आहे, टेप गळ्यात आहे. परवा त्यांनी मला हॉलवर बोलावलं. हातात रंगाचा डबा आणि ब्रश होता. संडासाच्या दारावर एक्केचाळिसाव्याच्या खाली वीतभर जागा शिल्लक होती. म्हणाले, "पेंटर पैसे मागतो. तुझं अक्षर चांगलं हाय. लिही." मी लिहिलं: वही उन्हात ठेवू नये. मागून आवाज आला, "डावीकडून दोन बोटं वर घे, कलायलाय."

लिहून झालं. मी पायरीवर बसलो. दाजी समोर येरझारा घालत होते. एकदा घड्याळ बघितलं, एकदा रानापलीकडे. ऊन फार होतं आणि त्यांना धाप लागलेली मला दिसत होती. मी म्हणालो, "दाजी, बसा की थोडं."

"बसलो की," ते म्हणाले, "चार वर्षं."

आणि गाडी आली का ते बघायला हॉलच्या मागे गेले.